घरी आणणारं इंजिन

ओव्हीद ट्राहानला आमच्या धावपट्टीवर सगळे 'रोटरी ओव्हीद' म्हणत, आणि हे नाव त्यानं आपल्याच तोंडानं ओढवून घेतलं होतं. टेक्सासच्या शेजारच्या राज्यातल्या क्राऊली गावाच्या दक्षिणेला भाताच्या शेतांमधून ही गवताची पट्टी गेली आहे. कडेला पत्र्याच्या शेडा आहेत आणि प्रत्येक शेडमध्ये कुणीतरी निवृत्त माणूस आपलं विमान आपल्याच हातानं जुळवत बसलेला असतो. वर्षानुवर्षं जुळवतो. बायका सुरुवातीला भांडतात, मग डबा पाठवतात.

ओव्हीदनं जन्मभर साखर कारखान्यात फिटरचं काम केलं. उसाचा हंगाम लागला की सलग तीन महिने घरी फक्त झोपायला जायचा. बायको वारली, नोकरी संपली, आणि त्यानं विमान बांधायला घेतलं. बांधलं ते बांधलं, वर त्यात गाडीतलं रोटरी इंजिन बसवलं. बाकी सगळ्यांच्या विमानांत विमानासाठीच बनवलेली, सरकारी शिक्क्याची इंजिनं. ओव्हीद एकटाच वेगळा. आणि वेगळा निघालेला माणूस गप्प कसा बसेल?

"यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत," तो येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगायचा. "दोन तिकोनी रोटर, ते गोल फिरतात. बस्स. मोडायला आत काही नाहीच, तर मोडेल काय?"

"तुझं डोकं," क्लोव्हिस म्हणायचा.

क्लोव्हिसचं सगळं आयुष्य भातावर विमानातून बी टाकण्यात आणि औषध फवारण्यात गेलेलं. तारा चुकवत, झाडं चुकवत तो म्हातारा झाला होता आणि ज्याचा शिक्का नाही त्या वस्तूवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. ओव्हीदच्या इंजिनाला तो 'मिक्सर' म्हणायचा. शनिवारी सकाळी सगळे कॉफीला जमले की या दोघांचं जुंपायचं आणि बाकीचे भात भरलेले बुदँ सॉसेज खात मजा बघायचे.

"टेक्सासच्या त्या माणसाचा मिक्सर बंद पडला म्हणे हवेत," क्लोव्हिस सुरुवात करायचा.

"इंजिन नाही बंद पडलं. पाण्याची नळी निसटली."

"आणि मागच्या महिन्यात तो दुसरा?"

"त्याचा पेट्रोलचा पंप गेला. इंजिन ठणठणीत आहे."

"म्हणजे विमान चिखलात, मालक दवाखान्यात आणि इंजिन ठणठणीत! वा रे वा. माझी आजीसुद्धा ठणठणीतच होती, फक्त श्वास थांबला."

हसून हसून लोकांच्या हातातली कॉफी सांडायची. पण ओव्हीद मागे हटायचा नाही. देशभरातल्या रोटरीवाल्यांची ईमेलवर एक मंडळ होतं आणि तिथे हा हिशेब असाच मांडला जायचा. कुणी कुठे उतरलं की पहिला प्रश्न, इंजिन गेलं का? आणि उत्तर ठरलेलं, नाही, नळी गेली, पंप गेला, पट्टा गेला. इंजिन बिचारं नेहमी निर्दोष. शिवाय त्यांचा एक मोठा अभिमान होता आणि तो खराही होता. पिस्टनचं इंजिन फार तापलं तर जागच्या जागी अडकून बसतं. रोटरी तापून भाजून निघालं तरी फिरत राहतं. ते तुम्हाला घरी आणतं.

यातली मेख मात्र कुणी बोलून दाखवत नसे. घरी पोचलेल्या माणसाला वाटतं, काही झालंच नाही.

ओव्हीदचं तसंच झालं. एका ऑगस्टमध्ये तो टेक्सासच्या हद्दीवरून परत येत होता. घर थोडं दूर असताना नाकात गोडसर वास शिरला. इंजिन थंड ठेवणारं पाणी कुठून तरी उडत होतं. तापमानाचा काटा पिवळ्यातून लालमध्ये गेला आणि लालच्याही पलीकडे जाऊन टेकला. खाली नुसती भाताची खाचरं. पण इंजिन फिरत राहिलं आणि त्यानं त्याला पट्टीवर आणून सोडलं.

शेडच्या सावलीत क्लोव्हिस बसला होता.

"काय रे, चेहरा का असा उतरलाय?"

"उकाडा फार आहे वर," ओव्हीद म्हणाला.

एवढंच. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर कदाचित खरं सांगितलं असतं. क्लोव्हिस गेल्यावर त्यानं सैल झालेली नळी आवळली, पाणी भरलं आणि इंजिन सुरू केलं. ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. ओव्हीदनं त्याच्यावर हात फिरवला आणि घरी जाऊन झोपला.

फिटर होता तो, त्याला कळत नव्हतं असं नाही. रोटरीच्या पोटात लोखंडाच्या आणि ॲल्युमिनिअमच्या भागांमध्ये कुकरला असतात तशा रिंगा असतात. एकदा भाजल्या की कडक होतात. त्या दिवशी काही होत नाही. पुढे कधीतरी पाणी नको तिथे झिरपायला लागतं, आधी थोडं, मग जास्त. कारखान्यात हाताखालच्या पोरानं अशी भाजलेली वस्तू न उघडता पुढे सरकवली असती तर ओव्हीदनं त्याला सोलून काढला असता.

पुढच्या वर्षी त्यानं ठोकलेल्या एका गाडीतून नव्या पिढीचं रोटरी इंजिन आणलं आणि जुनं काढून ताडपत्रीखाली ठेवलं. लोकांना म्हणाला, नव्याची ताकद जास्त आहे. खरं कारण असं की त्या जुन्या इंजिनावर त्याचा भरवसा बसेना. हे त्यानं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

त्याची धाकटी बहीण अर्लीन. ओव्हीद दर रविवारी प्रार्थनेनंतर तिच्याकडे जेवायला. तिचा नवरा नोलन शाळेची बस चालवायचा आणि तोही विमान बांधत होता. पंख तयार, शेपूट तयार, नाकाच्या जागी मोठं भोक. इंजिन घेणं काही जमत नव्हतं. एका रविवारी गंबोचा रस्सा वाढता वाढता अर्लीन म्हणाली,

"दादा, ते तुझं इंजिन नुसतं पडून आहे. ह्यांना का देत नाहीस? काढलंस तेव्हा चालू होतं ना?"

"चालू होतं," ओव्हीद म्हणाला. यात खोटं काही नव्हतं.

नोलनचा चेहरा असा फुलला की ओव्हीदला पुढे बोलवेना. तरी तो म्हणाला, "एकदा उघडतो. आतल्या रिंगा बदलतो आणि देतो."

"चालतं होतं तर उघडायचं कशाला?" नोलन हसला. "तूच ओरडत असतोस ना, चालत्या रोटरीला पाना लावू नका म्हणून?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं, 'ते एकदा भाजलंय.' पण नोलनच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत क्लोव्हिसला कळलं असतं आणि शनिवारच्या कॉफीला इतक्या वर्षांचं भांडण ओव्हीद हरला असता. माणूस किती लहान गोष्टीसाठी गप्प बसतो पाहा. त्यानं बशी पुढे केली आणि आणखी भात मागितला.

आमच्या पट्टीवर एक रीत आहे. नवं विमान पहिल्यांदा उडायच्या आधी बाकीच्या सगळ्यांनी ते तपासायचं, आणि ज्यानं बांधलं त्यानं शेडच्या बाहेर उभं राहायचं. आपल्या हाताच्या चुका आपल्याला दिसत नाहीत म्हणून. ज्याला जिथे शंका येईल तिथे त्यानं लाल चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. शेवटची पट्टी निघेपर्यंत विमान हलत नाही आणि कुणी रागावत नाही. ज्याच्याकडे त्याच जातीचं इंजिन असेल तो शेवटी बघतो, एकटा.

नोलनच्या विमानाला क्लोव्हिसनं दोन पट्ट्या लावल्या. एक ढिल्या स्क्रूला आणि एक नोलनच्या टोपीला. मग सगळे बाहेर गेले आणि ओव्हीद आत आला.

त्यानं विमानाच्या नाकावरचा पंखा हातानं फिरवला. फुस, फुस, फुस, सगळे दाब सारखे. मग पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं. काल जमिनीवर इंजिन चालवून बघितलं तेव्हा काठोकाठ भरलेली होती. आज पाणी चार बोटं खाली होतं.

नव्या नळ्यांत हवा अडकते, ती निघाली की पाणी उतरतं. असं होतं. आणि रिंगा गेल्या असल्या तरी असंच होतं. लाल पट्टीचं वेटोळं ओव्हीदच्या अंगठ्यात होतं. बाहेर नोलन कुणाला तरी सांगत होता, "त्यानं बघितलं की मला चिंता नाही. त्याचंच इंजिन आहे."

ओव्हीदनं कोपऱ्यातला डबा उचलला, पाणी काठापर्यंत भरलं आणि झाकण लावलं. पट्टी लावली नाही.

नोलन उडाला. धावपट्टीभोवती घिरट्या घालत तो रेडिओवरून एकेक गोष्ट सांगत होता आणि खाली सगळे कान देऊन ऐकत होते. तापमान? "हिरव्यात." परत विचारलं. "हिरव्यात, सगळं हिरवंगार!" अर्लीन टाळ्या वाजवत होती आणि ओव्हीद रेडिओ हातात धरून देवाचं नाव घेत होता.

उतरल्यावर मिठ्या झाल्या, बिअर उघडली. मग नोलननं ओव्हीदला शेडच्या मागे नेलं आणि हळूच म्हणाला, "तुला म्हणून सांगतो. काटा लालमध्ये गेला होता."

"मग रेडिओवर हिरवं का म्हणालास?"

"क्लोव्हिस ऐकत होता ना!" नोलन डोळा मिचकावून म्हणाला. "वर्षभर जगू दिलं नसतं त्यानं. आणि खरं सांगू? मी घाबरलोच नाही. म्हटलं, ओव्हीदचं इंजिन आहे, घरी आणणार. आणि आणलंच की नाही!"

आपलंच जुनं तोंड आपल्यासमोर उभं राहून बोलतंय असं त्याला वाटलं. आता तरी सांगावं. पण त्यानं काय केलं, तर म्हणाला, "इंजिन गार करणाऱ्या हवेची वाट लहान पडतेय. मोठी करू."

दोघांनी मिळून हवेची वाट मोठी केली. तोवर थंडी पडली आणि काटा खरोखरच हिरव्यात राहायला लागला. नव्या विमानाला चाचणीचे तास भरावे लागतात, ते भरेपर्यंत दुसऱ्या माणसाला बसवायची परवानगी नाही. नोलन दर शनिवारी एकटा उडायचा. सुरू करताना इंजिनातून पांढरा धूर यायचा. "थंडीची वाफ," नोलन म्हणायचा. थंडीत वाफ येतेच, त्यामुळे कुणी काही म्हणालं नाही.

आणि ओव्हीद? तो शुक्रवारी संध्याकाळी, नोलन बस सोडून यायच्या आत, त्याच्या शेडमध्ये जायचा. टाकीत पाणी उतरलेलं असायचं. तो भरून ठेवायचा. त्याला वाटायचं, आपण काळजी घेतोय. डोळ्यांत तेल घालून काळजी घेतोय. ज्या एका खुणेवरून नोलनला शंका आली असती तीच आपण दर आठवड्याला पुसून टाकतोय, हे त्याला कळत होतं. कळत असूनही शुक्रवार आला की त्याचे पाय तिकडे वळायचे.

त्याला झोप लागेनाशी झाली. जेवताना अर्लीन म्हणायची, "दादा, वाळलास की रे. काय होतंय?" तो म्हणायचा, वय होतंय. तिच्या हातचं खाताना घास तोंडात फिरायचा. नाताळच्या आधी तो चर्चमध्ये पापं सांगायला गेला. शिव्या दिल्या हे सांगितलं, दोनदा प्रार्थना चुकवली हेही सांगितलं. इंजिनाचं पाप कुठल्या आज्ञेत बसतं ते त्याला ठरवता येईना, म्हणून ते तसंच पोटात घेऊन तो घरी आला.

फेब्रुवारीत एकदा नोलनला उशीर झाला होता. तो दक्षिणेला दलदलीवर गेला होता. तिथे उतरायला पेलाभर कोरडी जागा नाही. ओव्हीद पट्टीच्या टोकाला उभा राहून आभाळाकडे बघत राहिला. मान दुखायला लागली तरी तो बघतच होता. हा परत आला तर आजच सांगेन, असं त्यानं कबूल केलं. कुणापाशी कबूल केलं, त्याचं त्यालाच माहीत. शेवटी ठिपका दिसला, आवाज आला, नोलन उतरला. उडी मारून खाली आला आणि त्यानं ओव्हीदचे दोन्ही खांदे धरले.

"अरे, पेलिकनचा असा थवा लागला, त्यांच्याबरोबर किनाऱ्यापर्यंत गेलो! कसलं इंजिन दिलंस रे मला!"

ओव्हीदनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि विमान शेडमध्ये ढकलायला हात लावला.

एप्रिल संपता संपता चाचणीचे तास भरले. पहिलं माणूस कोण बसवायचं यावर बोलणं झालंच नाही. अर्लीन. तिनं इतकी वर्षं शेडमध्ये डबे पाठवले होते. रविवारी प्रार्थनेनंतर सगळी पट्टी जमली. क्लोव्हिसनं मोठं पातेलं चढवून कोलंबीसारखे क्रॉफिश उकळायला घातले. ऊन चांगलं कडकडीत होतं. अर्लीन चर्चच्याच कपड्यांत आली, डोक्याला रुमाल बांधलेला.

"दादा, ही धर," असं म्हणून तिनं आपली पर्स ओव्हीदच्या हातात दिली आणि पंखावर चढली. "मी पडले तर आत पेपरमिंट आहे, तेवढं खा."

"पडतेस कशाला," क्लोव्हिस पातेल्यापासून ओरडला. "तो मिक्सर आहे, फार तर तुझा मिल्कशेक करेल!"

सगळे हसले. नोलननं इंजिन सुरू केलं. पांढरा धूर निघाला. ऊन असं होतं की पत्र्याला हात लावता येत नव्हता, थंडीची वाफ म्हणायची सोय राहिली नव्हती. धूर थांबला नाही. काचेतून अर्लीन भावाकडे बघून हात हलवत होती.

ओव्हीद पर्स घेऊन धावला. साठी उलटलेला माणूस, हातात बाईची पर्स, लोकांना वाटलं गंमत चालली आहे. तो पंखाच्या टोकापाशी उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून ओरडला, "बंद कर! नोलन, बंद कर!"

इंजिन थांबलं. नोलननं काच उघडली. "काय झालं?"

"हिला घेऊन जाऊ नकोस."

"का? धूर म्हणतोस? तो नेहमीचाच आहे."

"नेहमीचाच आहे," ओव्हीद म्हणाला. "इंजिन भाजलेलं आहे. तुला दिलं त्याच्या आधीच भाजलं होतं. माझ्या हातून. आतल्या रिंगा गेल्यात."

नोलन खाली उतरला. त्यानं इंजिनावरचं कव्हर काढलं आणि टाकीकडे पाहिलं. "पाणी तर भरलेलं आहे. दर शनिवारी काठोकाठ असतं. एक थेंब उतरत नाही."

"मी भरतो. शुक्रवारी येऊन."

ओव्हीदनं क्लोव्हिसकडे पाहिलं. आता तो काय बोलेल याचीच इतके दिवस त्याला भीती होती. क्लोव्हिसनं पातेल्याखालची आग बारीक केली, टोपी काढली आणि जमिनीकडे बघत राहिला. त्यानं एखादी शिवी दिली असती तर ओव्हीदला बरं वाटलं असतं.

"मी तुला सांगणार होतो," तो नोलनला म्हणाला. "खरंच सांगणार होतो."

"केव्हा?"

अर्लीन पंखावरून खाली आली. ती भावाजवळ गेली आणि तिनं त्याच्या हातातून आपली पर्स घेतली. रागावून नाही, नुसतीच घेतली. मग जाऊन नवऱ्याजवळ उभी राहिली. ओव्हीदला वाटलं, ती तरी म्हणेल, दादानं वेळेवर सांगितलं, माझा जीव वाचवला. तिनं डोक्याचा रुमाल सोडला.

नोलननं कव्हर परत लावलं. तो चिडका माणूस नव्हता. बसमधली पोरं त्याच्या डोक्यावर चढून बसायची तरी तो आवाज चढवत नसे. आताही त्यानं चढवला नाही.

"मी सगळी थंडी याच्यावर उडालो, ओव्हीद," तो म्हणाला. "दलदलीवर गेलो. दर शनिवारी तू इथेच उभा होतास. मला हात करायचास."

"हो."

"आज ही बसली तेव्हा तुला तोंड फुटलं."

ओव्हीदनं तोंड उघडलं. तसं नाही, असं त्याला म्हणायचं होतं. पण समोर बहीण धडधाकट उभी होती, तिला बघून त्याच्या जिवात जीव आला होता, आणि नोलनसाठी इतक्या शनिवारांत तसं एकदाही झालं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर नोलनला स्वच्छ दिसत होतं.